इंग्रजी कादंबऱ्यांतली चिल्लर कशी वाचायची: फार्दिंगपासून गिनीपर्यंत

डिकन्स किंवा शेरलॉक होम्स मूळ इंग्रजीतून वाचायला घेतला की पहिल्या काही पानांतच शिलिंग, हाफ-क्राउन, फार्दिंग हे शब्द आडवे येतात. बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात, आणि त्यामुळे गोष्ट काही अडत नाही. पण या लेखकांनी रकमा उगाच टाकलेल्या नाहीत. कोणी किती दिले, कोणाच्या खिशात काय उरलं, एवढ्यावरून तो माणूस कुठल्या थरातला आहे आणि आज रात्री पोटभर जेवणार की नाही, हे त्यांच्या काळच्या वाचकाला न सांगता समजायचं. आपल्यालाही ते समजू शकतं. त्यासाठी गणिताची फार गरज नाही, क्रमाने जायला मात्र हवं.

हे सगळं मी पुस्तकं वाचता वाचता आणि जुन्या बाजारात नाणी चाळता चाळता शिकलो. माहिती इतकी विखुरलेली आहे की नवख्या माणसाचा गोंधळ होतोच. म्हणून ज्या क्रमाने शिकणं सोपं जाईल, त्या क्रमाने इथे मांडतो.

काय काय जवळ ठेवाल

- एक छोटी वही. पुस्तकात रक्कम आली की पान क्रमांक, रक्कम, कोणी कोणाला दिली आणि कशासाठी, एवढं त्यात टिपायचं.
- पुस्तकाची ई-आवृत्ती. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जुनी इंग्रजी पुस्तकं फुकट मिळतात. त्यात ‘शिलिंग’ हा शब्द शोधला की पुस्तकातले सगळे व्यवहार एका दमात समोर येतात.
- ब्रिटिश म्युझियम आणि रॉयल मिंट म्युझियम यांच्या संकेतस्थळांवरचे नाण्यांचे फोटो.
- खरी नाणी घ्यायची असतील तर भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा.

१. आधी उतरंड पाठ करा

- ४ फार्दिंग किंवा २ हाफपेनी म्हणजे १ पेनी
- १२ पेन्स (पेन्स हे पेनीचं अनेकवचन) म्हणजे १ शिलिंग
- २० शिलिंग म्हणजे १ पौंड

म्हणजे पौंडात २४० पेन्स आणि ९६० फार्दिंग. दशमान पद्धतीची सवय असलेल्या आपल्याला हे विचित्र वाटतं, पण आपल्या आजी-आजोबांनी यापेक्षा सोपं काही वापरलेलं नाही. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपल्याकडे रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत्या. ब्रिटनमध्ये हा बदल १५ फेब्रुवारी १९७१ला झाला, म्हणजे आपल्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी.

आता मधली नाणी: थ्रिपेन्स (३ पेन्स), ग्रोट (४ पेन्स), सिक्सपेन्स, १८४९ पासून आलेला फ्लोरिन (२ शिलिंग), हाफ-क्राउन (२ शिलिंग ६ पेन्स), क्राउन (५ शिलिंग) आणि सोन्याचं सॉव्हरिन (२० शिलिंग, म्हणजेच पौंड). गिनी या यादीत मुद्दाम घेतलेली नाही, ती चौथ्या पायरीवर येईल.

हाफ-क्राउन हे नाव नीट लक्षात ठेवा. वाचक ते अर्धा पौंड समजून बसतात, आणि मग दोन-अडीच शिलिंगांची साधी बक्षिशी त्यांना राजेशाही वाटायला लागते.

२. रक्कम कशी लिहितात ते ओळखा

पेनीसाठी ‘डी’ आणि शिलिंगसाठी ‘एस’ हे अक्षर लिहीत. दोन्ही लॅटिनमधून आली आहेत, ‘डी’ ही डेनारियस या रोमन नाण्याची खूण. शिलिंग आणि पेन्स एकत्र लिहिताना मध्ये तिरपी रेघ येते. ३/६ म्हणजे तीन शिलिंग सहा पेन्स, आणि बोलताना नुसतं ‘थ्री अँड सिक्स’. २/- म्हणजे दोन शिलिंग, पेन्स काही नाहीत.

‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ (१८६५) मध्ये टेनिएलने काढलेल्या चित्रातला हॅटर आठवा. त्याच्या टोपीत खोचलेल्या चिठ्ठीवर १०/६ लिहिलेलं आहे. ती टोपीची किंमत आहे: दहा शिलिंग सहा पेन्स, बरोबर अर्धी गिनी. हॅटर टोप्या विकणारा आहे आणि डोक्यावरची टोपीही विक्रीचाच माल आहे. चिठ्ठी वाचता आली नाही तर चित्रातला हा भाग दिसतच नाही.

३. टोपणनावांची यादी करा

बॉब म्हणजे शिलिंग, टॅनर म्हणजे सिक्सपेन्स, क्विड म्हणजे पौंड आणि कॉपर म्हणजे पेनी-हाफपेनीची तांब्याची चिल्लर. टपन्स म्हणजे दोन पेन्स. हाफपेनीचा उच्चार ‘हेपनी’ होतो, त्यामुळे संवादात तिचं स्पेलिंग वेगळंच दिसतं. बॉब, टॅनर आणि क्विड हे शब्द साहेबांच्या दिवाणखान्यापेक्षा रस्त्यावर आणि गुत्त्यात जास्त ऐकू येतात. म्हणून पात्र रकमेला काय म्हणतं, हेही वहीत टिपा.

‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) मधल्या कारकुनाचं नाव बॉब क्रॅचिट. त्याचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग, म्हणजे पंधरा बॉब. दर शनिवारी तो स्वतःच्या नावाच्या पंधरा प्रती खिशात घालतो, असं डिकन्स म्हणतो. शब्दकोश न बघता पुढे गेलात तर हे वाक्य निरर्थक वाटेल.

जोई या टोपणनावाशी मात्र जपून. १८३६ पासून पुन्हा पाडायला लागलेल्या चार पेन्सच्या ग्रोटला जोसेफ ह्यूम या संसद सदस्यावरून हे नाव पडलं. ग्रोट चलनातून गेल्यावर तेच नाव चांदीच्या तीन पेन्सवर जाऊन बसलं. म्हणजे पुस्तक कोणत्या काळातलं, त्यावर जोईची किंमत ठरते.

४. पुस्तकाचं साल आणि नाण्याचं साल जुळवा

सगळ्यांत जास्त चुका या पायरीवर होतात.

गिनी हे सोन्याचं नाणं १६६३ मध्ये आलं. तिचा भाव वरखाली होत होता, तो १७१७ मध्ये २१ शिलिंगांवर पक्का झाला. १८१४ मध्ये गिनी पाडणं थांबलं आणि १८१७ पासून तिच्या जागी २० शिलिंगांचं सॉव्हरिन आलं. तरी पुढची दीडशे वर्षं डॉक्टर, वकील, चित्रकार आणि उंची शिंपी आपला मोबदला गिनींतच सांगत राहिले. त्यामुळे १८१४ नंतर घडणाऱ्या कथेत कोणी पाच गिनी दिल्या, तर त्याने सोन्याच्या पाच गिनी मोजल्या असं समजू नका. त्याने पाच पौंड पाच शिलिंग दिले. पौंड आणि गिनी यांत जो एका शिलिंगाचा फरक आहे, तीच प्रतिष्ठेची किंमत.

होम्सच्या ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ (१८९१) मध्ये हे फार सुंदर दिसतं. चर्चला घाईने निघालेला वकील नॉर्टन घोडागाडीवाल्याला अर्धी गिनी कबूल करतो, तर त्याच्या मागोमाग निघालेली आयरीन अ‍ॅडलर अर्धं सॉव्हरिन. वकिलाच्या तोंडी गिनी आणि गायिकेच्या तोंडी सॉव्हरिन. लग्नानंतर ती होम्सला जे सॉव्हरिन देते आणि जे तो घड्याळाच्या साखळीत अडकवणार असतो, ते मात्र खरंखुरं नाणं आहे.

आपल्याकडे याच्या उलटी अडचण येते. मराठी घरांत आणि सराफ कट्ट्यावर ज्याला ‘गिनी’ म्हणतात, ते बहुधा सॉव्हरिनच असतं: वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरट. १९१८ मध्ये तर मुंबईच्या टांकसाळीतही सॉव्हरिन पाडली गेली, त्यांवर रोमन ‘आय’ अक्षराची बारीक खूण आहे. आजीच्या डब्यातली गिनी जेन ऑस्टिनच्या काळातली आहे, असं ठरवण्याआधी तिच्यावरचं साल बघा.

लक्षात ठेवण्यासारखी आणखी काही सालं: पेनी, हाफपेनी आणि फार्दिंग १८६० मध्ये तांब्याऐवजी ब्राँझच्या झाल्या, आकारानेही लहान झाल्या. बारा कोनांची पितळी थ्रिपेन्स १९३७ मध्ये आली. फार्दिंग १९५६ पर्यंत पाडली गेली आणि १९६०च्या अखेरीस चलनातून गेली. सिक्सपेन्स मात्र दशमान आल्यावरही अडीच नवे पेन्स म्हणून १९८० पर्यंत चालली.

फार्दिंगच्या या सालांमुळे ऑर्वेलच्या ‘१९८४’ या भविष्यकाळात घडणाऱ्या कादंबरीतला एक प्रसंग मला फार बोचतो. लंडनच्या चर्चच्या घंटांवर एक जुनं बालगीत आहे, त्यात फार्दिंगचं देणं मागितलेलं आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानाचा मालक कादंबरीचा नायक विन्स्टन याला त्याची ओळ म्हणून दाखवतो आणि फार्दिंग म्हणजे काय तेही समजावतो: एक छोटं तांब्याचं नाणं, साधारण सेंटसारखं दिसणारं. हे पुस्तक आलं १९४९ मध्ये. तेव्हा वाचणाऱ्याच्या खिशात रेन पक्ष्याचं चित्र असलेली फार्दिंग खुळखुळत होती. रोजच्या वापरातली वस्तू परकी होऊन समजावून सांगावी लागते, ही त्या प्रसंगातली भीती आहे. फार्दिंग कधी बंद झाली हे ठाऊक नसेल तर ते नाणं ऑर्वेलच्याही आधी गेलेलं होतं असं वाटतं, आणि प्रसंगाची धार जाते.

शेक्सपियरकडे जायचं तर अजून मागे. पहिल्या एलिझाबेथने पाऊण पेनीचं, म्हणजे तीन फार्दिंगचं चांदीचं नाणं काढलं होतं. ते अगदी पातळ होतं, आणि त्यावर राणीच्या डोक्यामागे गुलाब होता. ‘किंग जॉन’ मधलं एक पात्र म्हणतं की, कानाशी गुलाब खोचायची माझी हिंमत नाही, लोक म्हणतील बघा तीन फार्दिंग चाललेत. म्युझियमच्या संकेतस्थळावर या नाण्याचा फोटो एकदा बघून घ्या, पुढे टीपेची गरज राहत नाही.

५. नाण्यांना वजन असतं, हे विसरू नका

माझी सगळ्यांत आवडती पायरी ही. होम्सची ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ (१८९१) घ्या. एक प्रतिष्ठित गृहस्थ नाहीसा होतो. ओहोटीनंतर टेम्सच्या चिखलात त्याचा कोट सापडतो, आणि त्याचे खिसे चिल्लरीने ठासून भरलेले असतात: ४२१ पेन्या आणि २७० हाफपेन्या. आपण आकडा वाचतो आणि पुढे जातो. इथे जरा थांबू.

आधी किंमत. २७० हाफपेन्या म्हणजे १३५ पेन्स. ४२१ मिळवले की ५५६ पेन्स. बाराने भागले की ४६ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे २ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स.

आता वजन. १८६० नंतरच्या ब्राँझ नाण्यांचं वजन सोयीचं ठेवलेलं होतं: तीन पेन्या म्हणजे एक औंस आणि पाच हाफपेन्या म्हणजे एक औंस. ४२१ पेन्यांचे साधारण १४० औंस, २७० हाफपेन्यांचे ५४. एकूण १९४ औंस, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. म्हणून तो कोट भरती-ओहोटीत वाहून न जाता तळाशी बसला. कॉनन डॉयलने चिल्लर निवडली ती याचसाठी. हीच रक्कम सॉव्हरिन आणि शिलिंगांत असती, तर तिचं वजन जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास भरलं असतं आणि कोट नदीबरोबर गेला असता.

(कथा वाचली नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

तो गृहस्थ वेश पालटून भीक मागत असतो. आधी तो वार्ताहर होता, पगार आठवड्याला दोन पौंड. बातमीसाठी एक दिवस भिकारी होऊन बसला आणि संध्याकाळी २६ शिलिंग ४ पेन्स घेऊन उठला. वार्ताहराचे आठवड्याचे ४० शिलिंग आणि भिकाऱ्याचे दिवसाचे २६, ही तुलना लक्षात आली की त्या माणसाचा मोह समजायला दुसरं स्पष्टीकरण लागत नाही.

६. आजच्या रुपयांत रूपांतर करू नका, पगाराशी ताडा

‘१८४३ मधले पंधरा शिलिंग म्हणजे आजचे किती?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आकडा मिळतो, पण उपयोग शून्य. तेव्हा माणसाची मजुरी स्वस्त होती आणि कापड, साखर, मेणबत्ती त्या मानाने महाग. एका गुणकाने दोन्हींचा हिशेब लागत नाही. आकडा हवाच असेल तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा ऑनलाइन परिवर्तक वापरा, कारण तो त्या रकमेत कुशल कारागिराची किती दिवसांची मजुरी भागत होती, हेही दाखवतो.

त्याहून चांगला मार्ग पुस्तकातच असतो. बहुतेक कादंबऱ्यांत कुठे ना कुठे एखाद्याचा पगार सांगितलेला असतो. तो शोधा आणि त्याचाच गज करा. क्रॅचिटचे पंधरा शिलिंग म्हणजे १८० पेन्स. सहा दिवसांनी भागले की दिवसाला ३० पेन्स, म्हणजे एक हाफ-क्राउन. आता त्या कथेतली प्रत्येक खरेदी या हाफ-क्राउनच्या शेजारी ठेवून बघा.

‘डेव्हिड कॉपरफील्ड’ मधल्या मिस्टर मिकॉबरचा हिशेब प्रसिद्ध आहे: उत्पन्न वर्षाला वीस पौंड, खर्च एकोणीस पौंड एकोणीस शिलिंग सहा पेन्स, तर सुख. खर्च वीस पौंड सहा पेन्स, तर दैन्य. फरक दोन्हीकडे एकेका सिक्सपेन्सचा. वीस पौंडांत ८०० सिक्सपेन्स असतात, म्हणजे सुख आणि दैन्य यांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे उत्पन्नाचा आठशेवा भाग. कर्जापायी तुरुंगात जाणाऱ्या माणसाच्या तोंडी डिकन्सने हे घातलं आहे, आणि त्याचे स्वतःचे वडीलही कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात गेले होते.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटरची ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’ (१९०३) तर लहान मुलांना वाचून दाखवतादाखवता शिकण्यासारखी. आजारी शिंप्याकडे शेवटचा एक ग्रोट उरतो. तो मांजराला बाजारात पाठवतो: एका पेनीचा पाव, एकीचं दूध, एकीचे सॉसेज आणि उरलेल्या शेवटच्या पेनीचा चेरीच्या रंगाचा रेशमी दोरा. चार पेन्सपैकी तीन पोटासाठी, एक कामासाठी. अख्खी गोष्ट त्या चौथ्या पेनीवर उभी आहे.

ऑर्वेलच्या ‘कीप द अ‍ॅस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ (१९३६) च्या सुरुवातीला गॉर्डन कॉमस्टॉकच्या खिशात साडेपाच पेन्स आहेत: अडीच पेन्सची चिल्लर आणि एक जोई. ती जोई म्हणजे चांदीची इवलीशी थ्रिपेन्स, जी लोक नाताळच्या पुडिंगमध्ये लपवत. ती दुकानात काढायची त्याला लाज वाटते, कारण विकणारी मुलगी ओळखेल की याच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. म्हणजे त्याच्या हाताशी अडीचच पेन्स. नाण्याची किंमत तीन पेन्स असूनही ते खर्चता येत नाही, ही गरिबी नुसत्या बेरजेत पकडता येत नाही.

आपला एक धागाही इथे जुळतो. गांधीजींनी आत्मकथेत लंडनच्या विद्यार्थिदशेतली काटकसर लिहून ठेवली आहे. सकाळी ओटमीलची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पाव आणि कोको, असं करून ते दिवसाला एक शिलिंग तीन पेन्समध्ये भागवत. म्हणजे १५ पेन्स, आठवड्याला ८ शिलिंग ९ पेन्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या भारतीयांची इंग्लंडहून आलेली पत्रं वाचत असाल तर आणखी एक सोय आहे. तेव्हा रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स होता, म्हणजे १६ पेन्स. रुपयाचे आणेही १६. त्यामुळे एक पेनी म्हणजे बरोबर एक आणा, आणि एक पौंड म्हणजे पंधरा रुपये. १९२७ मध्ये दर १ शिलिंग ६ पेन्स झाला आणि ही सोय गेली.

७. बायबलमधली पेनी वेगळी

१६११च्या इंग्रजी बायबलमध्ये दोन चिमण्या एका फार्दिंगला विकल्या जातात आणि द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाची एक पेनी मिळते. ही मूळची रोमन नाणी आहेत, भाषांतरकारांनी त्यांच्या जागी आपल्या देशातली नावं घातली. तिथली पेनी म्हणजे डेनारियस, दिवसभराची मजुरी. पुढच्या इंग्रजी लेखकांनी फार्दिंग आणि चिमण्या हे एकत्र वापरले की बहुधा याच वचनाचा संदर्भ असतो, बाजारभावाचा नसतो.

८. नाणी हातात घ्यायची असतील तर

चार नाणी पुरेत: एक व्हिक्टोरियाची पेनी, एक रेनची फार्दिंग (१९३७ ते १९५६ मधली कुठलीही), एक सिक्सपेन्स, एक शिलिंग. झिजलेली घेतलीत तर स्वस्तात मिळतात, आणि वाचनासाठी झिजलेलीच बरी.

वजनं अशी: ब्राँझ पेनी ९.४५ ग्रॅम, हाफपेनी ५.६७, फार्दिंग २.८३, शिलिंग ५.६६, सिक्सपेन्स २.८३. झिजेमुळे थोडं कमी भरेल. बरंच कमी किंवा जास्त भरलं तर नाणं परत ठेवा.

सांभाळून राहण्याच्या गोष्टी:

- आपल्या बाजारात ‘ब्रिटिश नाणं’ म्हणून जे दाखवतात, ते बहुतेकदा ब्रिटिश हिंदुस्थानचं असतं. त्यावर आणा किंवा रुपया लिहिलेलं असेल तर डिकन्सशी त्याचा संबंध नाही.
- देवांची चित्रं आणि १८१८ सारखं साल असलेली ईस्ट इंडिया कंपनीची ‘नाणी’ नाणी नव्हेतच. ती हल्लीच्या काळात बनवलेली आहेत.
- शिलिंग ‘चांदीचा’ म्हणून विकत असतील तर साल बघा. १९२०च्या आधीच्यात ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ मध्ये निम्मी, १९४७ पासून अजिबात नाही.
- १९३३ची पेनी मोजकीच पाडली गेली. कोणी ती पाटीवर मांडून बसला असेल तर साल कोरून बदललेलं आहे असंच धरून चाला.
- चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नका. वरचा तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याबरोबर नाण्याची किंमतही जाते.
- मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये नाणी हिरवट चिकट होतात. साधी कागदी पाकिटं चालतील.
- भारतातून घेतलेलं शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून ते परवानगीशिवाय पाठवता येत नाही.

९. सरावासाठी एक बिल

शेक्सपियरच्या ‘हेन्री द फोर्थ’ च्या पहिल्या भागात झोपलेल्या फॉल्स्टाफ या खादाड, दारुड्या सरदाराच्या खिशात गुत्त्याचं बिल सापडतं: कोंबडा २ शिलिंग २ पेन्स, त्यावरचा रस्सा ४ पेन्स, दोन गॅलन मद्य ५ शिलिंग ८ पेन्स, जेवणानंतर मासे आणि पुन्हा मद्य २ शिलिंग ६ पेन्स, आणि पाव ‘ओबी’. ओबी म्हणजे ओबोलस, हाफपेनीची जुनी खूण. आधी स्वतः बेरीज करा, मग खाली बघा.

उत्तर: १० शिलिंग साडेआठ पेन्स, म्हणजे २५७ हाफपेन्या, आणि त्यांतली एक पावाची. ग्लोब नाट्यगृहात उभं राहून नाटक बघायला तेव्हा एक पेनी पडायची. त्या दोन गॅलनांचे ६८ पेन्स म्हणजे ६८ नाटकं, आणि हे बिल ऐकणारा प्रेक्षक ती एक पेनी देऊन आत आलेला होता.